पुडीला कुणी औषध म्हणतं का

ओझेल स्ट्राउपला गप्प करणं आयुष्यात दोनच गोष्टींना जमलं. एक म्हणजे आमच्या गिरणीचं विणाई खातं. दुसरी गोष्ट ओघात येईल. विणाई खात्यात शेकडो माग एकदम चालायचे आणि शेजारणीच्या कानाशी जाऊन ओरडलं तरी तिला ऐकू जायचं नाही, म्हणून तिथे ओझेलचा नाइलाज होता. बाहेर मात्र बाई बोलायला लागली की आमचे पाद्रीसुद्धा आमेन म्हणायची संधी शोधत ताटकळत उभे राहायचे. मी तिच्या शेजारच्या घरात राहिले, तिच्या शेजारचे माग चालवले आणि चर्चमध्ये जन्मभर तिच्याच बाकावर बसले. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे. ज्याला तो नाही असं वाटत असेल त्याने नॉर्थ कॅरोलायनात माझ्या ओसरीवर येऊन भांडावं, मी रिकामीच असते.

त्या आवाजात आम्ही बायका ओठ वाचायचो आणि हातांनी बोलायचो. मुकादम येतोय, कुणाला दिवस गेलेत, आज कुणाचा नवरा पिऊन पडलाय, सगळं हातांनी. मागावर काही गडबड दिसली आणि पलीकडची विचारायला लागली की थांबवू का, तर उघडा तळहात खाली करून पुढे सरकवायचा. म्हणजे थांबवू नको, चालू दे. आणि चिमूट ओठांजवळ नेऊन दोनदा हलवली की विषय एकच असायचा, पुडी आहे का गं, नाहीतर पुडी हवी का गं?

पुडी म्हणजे डोकेदुखीची पांढरी पूड, मेणकागदाच्या घडीत बांधलेली. कोलाच्या बाटल्या, खारे शेंगदाणे आणि या पुड्या घेऊन एक गाडा दिवसभर मागांच्या रांगांमधून फिरायचा. कागद उलगडायचा, मधोमध दुमडून पन्हळ करायची, पूड जिभेच्या मागच्या बाजूला सोडायची आणि वरून कोला ढोसायचा. चव कडू जहर. पहिल्यांदा आम्ही घेतली ती आवाजाने आणि उकाड्याने डोकं फुटायचं म्हणून. पुढे डोकं दुखू नये म्हणून घ्यायला लागलो. नंतर कशासाठी घेतो हे विचारायचंच राहून गेलं. पाळीवर निघताना केसांना जाळी बांधायची तशी पुडी घ्यायची. घेतली नाही तर दुपारपर्यंत डोळे उघडवायचे नाहीत, मग दोन घ्यायच्या.

ओझेलचा नवरा क्लाइड कापूस पिंजायच्या खात्यात होता. छातीत तूस भरून तो लवकर गेला. मागे राहिली एकुलती एक डार्लीन. ती शाळा संपल्यासंपल्या आमच्याच खात्यात लागली, आमच्याकडे पोरी दुसरं कुठे जाणार? तिचा पहिला दिवस मला चांगला आठवतो. दुपारच्या आतच पोर मागाला टेकून उभी होती आणि डोकं धरून रडत होती. रडण्याचा आवाज येत नव्हता, नुसतं तोंड वाकडं झालेलं दिसत होतं. ओझेल आपले माग माझ्यावर सोपवून तिच्याकडे गेली. एप्रनच्या खिशातून पुडी काढली, पन्हळ केली, पोरीची हनुवटी वर करून स्वतःच्या हाताने पूड तिच्या जिभेवर सोडली आणि एप्रनने तिचं तोंड पुसलं. थोड्या वेळाने डार्लीन हसली आणि कामाला लागली. ओझेल परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू पोरीला विणकाम तिनेच एका दिवसात शिकवलं.

वर्षं गेली, डार्लीनचं लग्न झालं, तिला ट्विला नावाची मुलगी झाली. आणि ओझेल खंगत गेली. आधी नुसती पाठ दुखायची, म्हणून पुड्या वाढल्या. मग चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढराफटक. रात्री चारचार वेळा लघवीला उठायची आणि सकाळी पाय बुटात जायचे नाहीत. जेवणाला गंजक्या खिळ्याची चव येते म्हणायची. मी म्हटलं, "तुझा स्वयंपाक आहे तो, खिळ्याला कशाला नावं ठेवतेस?" ती हसली, पण ताटलीतला मक्याचा पाव तसाच राहिला. एका रविवारी चर्चमध्ये स्तोत्राच्या मधेच तिला धाप लागली आणि ती माझ्या अंगावर कलंडली. जावयाने गाडीत घालून शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं.

तिथले किडनीचे डॉक्टर वेक्सलर म्हणून होते. उत्तरेकडचा माणूस, आमचं बोलणं समजायला त्यांना दोनदा विचारावं लागायचं, पण मनाने सरळ. त्यांनी सांगितलं, दोन्ही किडन्या आक्रसून गेल्या आहेत, रक्त धुवायला यंत्रावर बसावं लागेल, आठवड्यातून तीनदा, कायमचं.

"कायमचं कशाला?" ओझेल म्हणाली. "दमल्या असतील. थोडी विश्रांती दिली की लागतील कामाला."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. म्हणाले, "मिसेस स्ट्राउप, किडन्या दोन तऱ्हेने जातात. एक म्हणजे अचानक. खूप रक्त गेलं, अंगात विष भिनलं, उन्हाने माणूस कोसळला, की त्या एकदम बंद पडतात. त्या पुष्कळदा परत चालू होतात. दुसरी तऱ्हा म्हणजे हळूहळू, वर्षानुवर्षं. कुणाची साखरेने जाते, कुणाची रक्तदाबाने, कुणाची जन्मतःच गाठी असलेली असते. त्यात जे गेलं ते परत येत नाही. तुमच्या हळूहळू गेल्या आहेत."

"कशाने?"

"तेच कळत नाहीये. साखर नाही, रक्तदाब आहे पण तो नंतरचा वाटतो. काही औषधं घेत होता का?"

"मी? मी औषधाच्या वाऱ्याला उभी राहत नाही."

"सांधेदुखीची, डोकेदुखीची एखादी गोळी?"

"गोळी माझ्या घशाखाली उतरत नाही, डॉक्टर. लहानपणापासून. विचारा हिला."

मी मान डोलावली. खरंच होतं ते. ओझेलला गोळी गिळता यायची नाही.

तिला ने-आण करायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझी पाळी आता दुपारची होती आणि माझी गाडी बहुतेक वेळा सुरू व्हायची. यंत्रांच्या खोलीत खुर्च्या ओळीने मांडलेल्या. एकीकडे मिस्टर हॉइल, साखरेने किडन्या गेलेले, एक पाय गुडघ्यापासून नाही, तरी येणाऱ्या-जाणाऱ्या नर्सला लग्नाची मागणी घालणारे. दुसरीकडे ग्रेडी, छपरांवर डांबर ओतणारा तरणाबांड गडी. ऑगस्टच्या उन्हात छपरावरच कोसळला आणि त्याच्या किडन्या बंद पडल्या. महिना-दीड महिना तो ओझेलच्या शेजारी बसला आणि एक दिवस त्याला लघवी सुटली. सगळ्या खोलीत आनंदीआनंद. नर्सने केक आणला. हॉइल म्हणाले, "माणसाच्या मुताला केक कापलेला मी पहिल्यांदाच पाहतोय."

ओझेलने केकचा तुकडा घेतला नाही. घरी येताना गाडीत म्हणाली, "मॅटी, त्या पोराच्या परत येतात आणि माझ्या येत नाहीत. मी देवाचं काय खाल्लं होतं?"

"त्याच्या एका दिवसात गेल्या, तुझ्या किती वर्षं जात होत्या."

"पण कशाने? चोर घरात शिरला तर निदान कुठल्या खिडकीतून शिरला ते तरी कळायला नको?"

तिला ते खिडकीचं फार लागलं होतं, आणि त्याला कारण डार्लीन होती. डार्लीनने पहिल्याच आठवड्यात जाहीर करून टाकलं होतं की आईला किडनी मी देणार. ओझेलने थयथयाट केला. "माझ्या पोरीच्या अंगाला सुरी लावायची असेल तर आधी माझ्या अंगावरून जा," असं डॉक्टरांना सुनावलं. डार्लीन तिच्याच पोटची, तिनेही हेका सोडला नाही. डॉक्टर म्हणाले, आधी आजाराचं मूळ कळू द्या. तुमच्या घराण्यात कुणाला किडनीचं होतं का? तेव्हा ओझेलला आपली आई आठवली. ती म्हातारपणी अंगावर पाणी चढून गेली होती. डोळेसुद्धा सुजेने मिटले होते. डॉक्टरांच्या कपाळावर आठी पडली. म्हणाले, हे घराण्यातून उतरलेलं असेल तर मुलीची किडनी घेता येणार नाही. तिची तपासणी करून बघू.

तपासणी झाली. डार्लीनच्या किडन्या तिच्या वयाच्या मानाने बऱ्याच मागे पडल्या होत्या. दिसायला धडधाकट बाई, पण आतून सुरुवात झालेली.

ही ती दुसरी गोष्ट. हे ऐकल्यावर ओझेल गप्प झाली. इस्पितळातून घरापर्यंत एक शब्द नाही. मी मुद्दाम चुकीच्या रस्त्याने गाडी घातली, तरी ती बोलली नाही. घरी आल्यावर ओसरीवरच्या झुल्यावर बसली आणि रस्त्यापलीकडे डार्लीनच्या अंगणात ट्विला खेळत होती तिच्याकडे पाठ केली.

"मॅटी, मी हे तिला दिलं," ती म्हणाली. "माझ्या आईने मला दिलं, मी डार्लीनला दिलं. आता ते या पोरीतही असेल. मी हिला मांडीवर घेऊन खेळवत होते."

"तू काय मुद्दाम दिलंस का? रक्तात असतं त्याला आपण काय करणार?"

"तेच तर. रक्तातच घाण आहे तर ते यंत्र काय कपाळ धुणार आहे? मी उद्यापासून जाणार नाही."

मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली. ती मरायला घाबरत नव्हती. आपल्यामागून लेक मरणार, आणि ते आपल्यामुळे, एवढंच तिला सोसवत नव्हतं. मी रस्ता ओलांडून डार्लीनला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पाळी बुडवली, आईला अक्षरशः दंडाला धरून माझ्या गाडीत कोंबलं आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

तर त्या दिवशी यंत्राच्या खोलीत आम्ही तिघी होतो. ओझेलच्या हातात सुया, हात फळीला बांधलेला. डार्लीन आदल्या दिवसापासून रडत होती, तिचं डोकं ठणकत होतं. तिने पर्समधून पुडी काढली, पन्हळ केली, जिभेवर सोडली, कोलाचा घोट घेतला. ओझेल बघत होती. तिने मोकळ्या हाताची चिमूट ओठांजवळ नेली आणि दोनदा हलवली. डार्लीनने दुसरी पुडी उलगडली, आईची हनुवटी वर केली आणि पूड तिच्या जिभेवर सोडली. मग रुमालाने तिचं तोंड पुसलं. हे मी आधी कुठेतरी बघितलंय असं मला वाटलं, पण ते कुठे हे लक्षात यायच्या आत दारातून डॉक्टर वेक्सलरांचा आवाज आला.

"हे काय घेतलंत तुम्ही?"

"पुडी," ओझेल म्हणाली.

"कसली पुडी?"

"पुडी हो. पुडी माहीत नाही तुम्हाला?"

डॉक्टरांनी डार्लीनच्या हातातला कागद घेतला, त्यावरची बारीक अक्षरं वाचली, पुन्हा वाचली. "मिसेस स्ट्राउप, मी तुम्हाला विचारलं होतं, काही औषध घेता का."

"मग? पुडीला कुणी औषध म्हणतं का? औषध डॉक्टर देतो. पुडी गाड्यावर मिळते, शेंगदाण्यांबरोबर."

"दिवसातून किती घेता?"

"गाडा आला की घेते."

"गाडा किती वेळा येतो?"

"गाडा जातोच कुठे?" ओझेल म्हणाली आणि हॉइल आपल्या खुर्चीतून खो खो हसले. पण डॉक्टर हसले नाहीत. ते नर्सचं स्टूल ओढून तिच्या गुडघ्यापाशी बसले.

"लघवीतून कधी वाळूच्या कणांसारखं काही पडायचं? कधी बारीक तुकडे?"

"चारचौघांत बाईमाणसाला असं विचारतात?" ओझेल म्हणाली. मग हळू आवाजात, "पडायचं. पोटात कळ यायची आणि पडायचं. मला वाटायचं विहिरीच्या पाण्याने होतंय."

तेव्हा डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. एखाद्या वेळी घेतलेल्या पुडीने काही होत नाही. पण रोज, दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं घेतली तर यातली औषधं किडनीच्या अगदी आतल्या भागात साचत जातात. तो भाग सुकतो, मरतो आणि तुकड्यातुकड्याने गळून पडतो. वाळू म्हणून जे पडत होतं ती तुमची किडनीच होती. "मी हे पहिल्याच दिवशी ओळखायला हवं होतं," ते म्हणाले. "पुस्तकात वाचलंय मी. पण मी गोळ्या विचारत राहिलो. आमच्याकडे लोक गोळ्या घेतात."

"म्हणजे हे घराण्यातलं नाही?" डार्लीनने विचारलं.

"तुमच्या आजीचं काय होतं ते आता सांगता येणार नाही. पण तुमच्या आईचं हे रक्तातून आलेलं नाही. तुमच्या मुलीला याची भीती नाही."

ओझेलने डोळे मिटले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "ऐकलंस मॅटी? ट्विलाला नाही. माझ्या रक्तात घाण नाही." ती ते परत परत म्हणत राहिली. मला इतका आनंद झाला होता की मी हॉइलांचा हात धरला, आणि त्यांनी मलाही लग्नाची मागणी घातली.

मग डार्लीन म्हणाली, "डॉक्टर, मग माझ्या किडन्यांना काय झालंय?"

डॉक्टरांनी हातातला पुडीचा कागद तिच्यासमोर धरला. "तुम्ही या कधीपासून घेताय?"

डार्लीनने पर्सची कडी लावली. तिने आईकडे बघितलं नाही, आणि न बघण्यासाठी तिला किती जोर लावावा लागतोय ते मला दिसत होतं. ओझेलचं हसू चेहऱ्यावरच राहिलं होतं. ते उतरायला वेळ लागला.

"हिची पहिली पुडी मी दिली," ती म्हणाली. "गिरणीतल्या पहिल्या दिवशी. या हाताने दिली."

"आई, राहू दे."

"राहू दे काय? मी रात्रभर म्हणत होते मीच दिलं, मीच दिलं. बरोबरच म्हणत होते. रक्तातून नाही दिलं, हाताने दिलं."

 यंत्रं घरघरत होती. मग ओझेलने मोकळ्या हाताने डॉक्टरांची बाही पकडली. "हिच्या परत येतील का? त्या ग्रेडीसारख्या?"

"जेवढं गेलं तेवढं गेलं. पण आज बंद केलं तर बहुधा आहे तिथेच थांबेल. ती तुम्हाला किडनी देऊ शकणार नाही, तिला दोन्ही लागतील. आणि तुमच्या परत येणार नाहीत."

"माझ्यांचं जाऊ द्या," ओझेल म्हणाली. "डार्लीन, पर्स इकडे दे."

त्या संध्याकाळी ओझेल आपली उशी घेऊन लेकीच्या घरी राहायला गेली. मला वाटलं होतं, पुडी सोडायची म्हणजे काय, न घेतली की झालं. तसं नव्हतं. डार्लीनचं डोकं असं दुखायला लागलं की तिला खिडकीतला उजेड सोसवेना. पडदे ओढलेले, जावई नुसत्या मोज्यांनी चालतोय, ट्विला माझ्या घरी. ओझेलने स्वतःही पुड्या सोडल्या. तिला तशी गरज नव्हती, तिच्या किडन्यांचं आता आणखी काय बिघडणार होतं? पण ती म्हणाली, "माझं दुखत नसताना मी तिला सोस म्हणून कोणत्या तोंडाने सांगू?" दोघी एकाच पलंगावर कपाळावर ओले पंचे टाकून पडलेल्या असायच्या.

मी डबा घेऊन गेले तर आतून भांडण ऐकू यायचं.

"एक दे आई. एकच. अर्धी."

"नाही."

"तुला काय जातंय? तुझं सगळं होऊन बसलंय, आता देव-देव सुचतोय."

"दे शिव्या. आणखी येतात त्याही दे. पुडी मिळणार नाही."

"मग तेव्हा कशाला दिलीस?"

 मी दारात डबा धरून उभी राहिले. मग ओझेल म्हणाली, "तू रडत होतीस म्हणून दिली." थोड्या वेळाने पाण्यात पंचा बुचकळल्याचा आणि पिळल्याचा आवाज आला, तेव्हा मी दार ढकलून आत गेले.

एकदा डार्लीन उठून पर्स शोधायला लागली तर ओझेल त्या पर्सवर बसलेली. मूठभर हाडांची बाई, पण डार्लीनला तिला हलवता येईना. दोघी ओढाताण करता करता हसायला लागल्या आणि हसल्याने डोकी आणखी ठणकली म्हणून परत पडल्या. असे दोनतीन आठवडे गेले. मग एका सकाळी डार्लीन ओसरीवर आली, उन्हात उभी राहिली आणि म्हणाली, "मॅटी मावशी, माझं डोकं दुखत नाहीये." शाळा सोडल्यापासून पहिल्यांदाच, म्हणाली. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की रोज पुडी घेणाऱ्याला डोकेदुखी पुडीच देते. हे ऐकून मी माझ्या स्वयंपाकघरातल्या पुड्या चुलीत घातल्या, आणि माझी जी काय फजिती झाली ती सांगायला ओझेल आता नाही हे बरंच आहे.

ओझेल गप्प बसणारी नव्हतीच. पाळी सुटायच्या वेळी ती गिरणीच्या फाटकात उभी राहायची आणि बाहेर पडणाऱ्या बायकांना थांबवून वाळूची गोष्ट सांगायची, पुरुष ऐकतायत की नाही याची पर्वा न करता. काहीजणींनी ऐकलं. पुष्कळजणींनी "बिचारी" म्हणून तिचा हात दाबला आणि पुढे जाऊन पुडी फोडली. चर्चमध्ये बुधवारच्या सभेत लोक उभे राहून देवाने आपल्याला दारूतून कसं सोडवलं ते सांगतात. ओझेलने उभी राहून पुड्यांचं सांगितलं. पाद्रीबाबांनी खाली बघितलं, कारण त्यांच्या बायकोच्या पर्समध्ये कायम पुड्या असायच्या.

यंत्रावर ती काही वर्षं जगली. तिचं जेवण अळणी, पाणी मोजून, बटाटा नाही, टोमॅटो नाही. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळत ओसरीवर बसायची आणि माझ्या हातातल्या बाटलीकडे असं बघायची की मला घरात जाऊन प्यावं लागायचं. स्वतःच्या तपासण्यांचं तिला काही नव्हतं. डार्लीनच्या तपासणीचा दिवस मात्र तिला ख्रिसमसच्या आधी पाठ असायचा. डार्लीन गाडीतून उतरायच्या आतच ही विचारायची, "आकडा वर गेला का खाली?"

"तिथेच आहे आई."

"तिथेच ना? मग बरं." आणि त्या दिवशी ती दुपारची झोप घ्यायची.

एप्रिलमध्ये ती गेली. ओसरीवर वाटाणे सोलत बसली होती, जे खायची तिला बंदी होती. परात मांडीवर तशीच, एक दाणासुद्धा सांडला नव्हता. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं यंत्रावर काढली की हृदय थकतं. त्याच आठवड्यात डार्लीनची तपासणी झाली होती आणि ओझेलने विचारायचं ते विचारून घेतलं होतं.

चर्च भरून गेलं होतं. विणाई खात्याच्या सगळ्या बायका आल्या होत्या, अगदी पाळी बदलून. डार्लीन पहिल्या बाकावर, मी तिच्या शेजारी. शवपेटी उघडी होती आणि तिच्याकडे बघून बघून डार्लीनचे डोळे सुजले होते. प्रार्थना चालू असताना तिने दोन्ही हातांनी कपाळ दाबून धरलं. ते मागच्या बाकांवर दिसलं असावं, कारण मला पर्सांच्या कड्या उघडल्याचे आवाज यायला लागले. एक, मग दुसरी, मग पाठोपाठ बऱ्याच. त्यांना काही वाईट करायचं नव्हतं. आपल्यातली एक रडतेय, तिचं डोकं दुखतंय, एवढंच त्यांना दिसत होतं. पलीकडच्या बाकावर म्हातारी ब्यूला होती, आमच्या खात्यातली सगळ्यात जुनी मागवाली. तिने डार्लीनची नजर आपल्याकडे वळायची वाट बघितली, मग चिमूट ओठांजवळ नेली आणि दोनदा हलवली.

डार्लीनने तिच्याकडे बघितलं. मग आईच्या पेटीकडे. तिने कपाळावरचा एक हात काढला, मागावर करायचो तसा तळहात खाली केला आणि हळूच पुढे सरकवला. थांबवू नको, चालू दे.

ती खूण तिथल्या प्रत्येकीला वाचता येत होती. मागच्या बाकांवर पर्सा एकेक करून बंद झाल्या, आणि डार्लीन हात परत कपाळावर ठेवून रडत राहिली.